चार अध्यापकांचं पत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विद्यापीठात ‘मानवी हक्क’ नावाचा विषय शिकवतात असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटतो. यात शिकवायचं काय असतं? हक्क मिळवायचे ते मोर्चात, कोर्टात, फार तर विधिमंडळात. वर्गात बसून, फळ्यावर कलमं लिहून कुणाला कधी काही मिळालं आहे का? प्रश्न रास्त आहे. कायदा शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी विचारला, त्यांच्या पालकांनी विचारला, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना अनेकदा तो माझा मलाच पडला.

कारण उत्तरपत्रिकांमध्ये सगळं बिनचूक असतं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला, त्यात ३० कलमं आहेत, पहिल्या कलमात समानता आहे, सारं काही असतं. ज्याला जास्त मार्क हवे असतात तो हंसा मेहतांचाही उल्लेख करतो. मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या आणि पुढं बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या या बाईंनी जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातली ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी शब्दयोजना बदलून ‘सर्व माणसं’ असा अर्थ देणारी करायला लावली. एका शब्दाचा आग्रह, पण केवढा मोठा! मात्र उत्तरपत्रिकेत तोही पाच मार्कांची टीप होऊन बसतो.

आज मी जी हकीकत सांगणार आहे ती पॅरिसची नाही. ती आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याची, आणि तिथं जे घडलं त्यावरचा निकाल वाचून स्वस्थ न बसलेल्या चार कायदा-अध्यापकांची आहे. त्यातले तीन दिल्लीचे आणि एक पुण्याच्या. मानवी हक्कांचं शिक्षण आणि संशोधन म्हणजे नेमकं काय, हे मला या हकीकतीतून जितकं समजलं तितकं कुठल्याही जाहीरनाम्यातून समजलं नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यात देसाईगंज नावाचं गाव आहे. वडसा म्हणूनही लोक त्याला ओळखतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येतं, पण तो जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी हे सगळं चंद्रपूरच होतं. तिथं एक आदिवासी मुलगी राहत होती. आईवडील लहानपणीच गेलेले. भावाजवळ राहायची आणि मोलमजुरी करायची. वय किती? डॉक्टरांच्या तपासणीनुसार चौदा ते सोळाच्या दरम्यान. कामाच्या घरी तिची एका तरुणाशी ओळख झाली आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. भावाला ते पसंत नव्हतं. बहिणीला पळवून नेलं आहे, अशी तक्रार त्यानं पोलिसांत दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात आणलं गेलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमाराला सगळे निघाले, तेव्हा एका शिपायानं तिला एकटीला थांबवून घेतलं.

पुढं त्या ठाण्यात काय झालं ते तपशिलानं सांगण्याची गरज नाही. एका शिपायानं अत्याचार केला आणि दुसऱ्या हवालदारानं अंगाला हात लावला, असं तिनं बाहेर येताच सांगितलं. बाहेर तिची माणसं थांबली होती. ठाण्याचे दिवे विझलेले आणि दार आतून लावलेलं त्यांनी पाहिलं होतं. गर्दी जमली, लोक चिडले आणि तेव्हा कुठं तक्रार नोंदवली गेली. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता.

या मुलीच्या नावानंच ते प्रकरण देशभर ओळखलं जातं. कायद्याच्या आणि स्त्री-चळवळीच्या पुस्तकांत ते नाव पानोपानी सापडेल. तरीही मी ते घेणार नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापू नये असा कायदा पुढं झाला, आणि तो झाला तो तिच्याच प्रकरणामुळं उठलेल्या चळवळीतून. तिच्यामुळं इतरांना जे संरक्षण मिळालं ते निदान आपण तरी तिला द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात चालला. १ जून १९७४ रोजी दोन्ही पोलीस निर्दोष सुटले. न्यायाधीशांनी मुलीलाच धडधडीत खोटं बोलणारी ठरवलं. तिचे आधीपासून शरीरसंबंध होते, म्हणून या वेळीही तिची संमती असणार, असा त्यांचा तर्क. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी खंडपीठानं निकाल फिरवला. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर अनोळखी पोलीस आणि तक्रार तिच्याच भावाची. अशा वेळी मुलीनं निमूट सहन केलं याचा अर्थ तिनं होकार दिला असा होत नाही, असं उच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. शिपायाला पाच वर्षं आणि हवालदाराला एक वर्ष शिक्षा झाली.

नंतर अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. तीन न्यायमूर्तींच्या पीठानं १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही निर्दोष सोडलं. कारणं काय? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिनं झटापट केली नसावी. शिपायानं हात धरला तेव्हा जवळच भाऊ आणि इतर माणसं होती, मग ती ओरडली का नाही? जिवाच्या किंवा मारहाणीच्या भीतीनं तिनं होकार दिला असं म्हणावं, तर तशी भीती सिद्ध झालेली नाही. एकूण हा प्रकार बिनविरोध घडला, असा त्या निकालाचा सूर होता.

निकाल १९७९ च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये छापून आला. पान १८५. कायद्याच्या ग्रंथालयात असे जाडजूड खंड भिंतभर लावलेले असतात. वकील लागेल तसा खंड काढतात, हवा तो परिच्छेद टिपून घेतात आणि खंड परत जागेवर जातो. हा निकालही तसाच जागेवर जाऊन बसला असता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं विषय संपवला होता. मुलगी गरीब, अशिक्षित, तिच्या बाजूनं पुन्हा उभं राहणारं कुणी नाही. वर्ष गेलं आणि कुठं काही हाललं नाही.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी, म्हणजे निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर, भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं गेलं. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते त्या तीन न्यायमूर्तींपैकी नव्हते. पत्रावर चार सह्या होत्या: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार.

ही चार माणसं कोण होती हे थोडं सांगायला हवं, कारण आज नावं उरली आहेत आणि माणसं विस्मरणात चालली आहेत. बक्षी दिल्ली विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते. पुढं ते दक्षिण गुजरात विद्यापीठाचे आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लतिका सरकारही दिल्लीच्याच विधी विभागात शिकवत. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीवर त्या होत्या, आणि त्या समितीच्या १९७४ च्या अहवालानं स्वातंत्र्यानंतरचं स्त्रियांचं खरं चित्र पहिल्यांदा आकड्यांनिशी मांडलं. केळकर म्हणजे फौजदारी प्रक्रियेवरच्या त्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे कर्ते. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांच्या पुस्तकावर पास झाल्या. आणि धगमवार पुण्याच्या. भारतीय दंड संहितेत व्यक्तीच्या हक्कांना संरक्षण कितपत मिळतं, यावर त्यांनी संशोधन केलं होतं. नंतर सातपुड्यातल्या अक्राणी भागातल्या आदिवासींच्या प्रश्नांवर त्यांनी काम केलं, आणि १९८५ मध्ये दिल्लीत सामान्य माणसाला कायदा समजावून सांगणारी ‘मार्ग’ ही संस्था उभी केली.

थोडक्यात, चौघेही मास्तर. त्यांच्याकडं पद नव्हतं, पक्ष नव्हता आणि त्या मुलीचं वकीलपत्रही नव्हतं. होती ती एकच गोष्ट. निकाल कसा वाचायचा ते त्यांना येत होतं आणि तेच ते रोज वर्गात शिकवत होते.

आता ते पत्र कसं रचलेलं आहे ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडं अन्यायाविरुद्ध लिहायचं म्हणजे आवाज चढवायचा, अशी एक समजूत आहे. या पत्रात संताप भरपूर आहे, पण तो मुद्द्यांच्या मागं उभा आहे. पहिला मुद्दा अगदी व्याकरणाचा म्हणावा असा. दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये त्या वेळी बलात्काराचे वेगवेगळे प्रकार मांडलेले होते. दुसरा प्रकार ‘तिच्या संमतीशिवाय’. तिसरा प्रकार, संमती दिली आहे पण ती जिवाच्या किंवा इजेच्या भीतीनं. न्यायालयानं सगळा विचार तिसऱ्या प्रकाराचा केला. भीती होती का, ती सिद्ध झाली का, हेच पाहिलं. पण तिसऱ्या प्रकारात शिरण्याआधी मुळात संमती होती का, हा दुसऱ्या प्रकाराचा प्रश्न उरतोच. गप्प राहणं वेगळं आणि हो म्हणणं वेगळं. पुराव्यावरून फार तर ती वाकली, तिनं हार मानली, एवढंच दिसतं, संमती दिसत नाही, असं अध्यापकांनी दाखवून दिलं.

दुसरा मुद्दा कायद्याच्याच चौकटीतला होता. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये, तिच्या राहत्या घरी जाऊन चौकशी करावी, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. आणि सर्वोच्च न्यायालयानंच, या निकालाच्या जेमतेम पाच महिने आधी, एप्रिल १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात स्त्रीला ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले होते. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. मग माजी मुख्यमंत्र्यांना जे संरक्षण आहे ते देसाईगंजच्या मजूर मुलीला आहे की नाही? ती रात्री साडेदहाला ठाण्यात होतीच कशी, याबद्दल निकालात एक शब्द का नाही?

आणि तिसरा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी जाणारा. तिचं वय, तिचं दारिद्र्य, तिचं आदिवासी असणं, कायद्याची ओळख नसणं, आणि गरिबाच्या मनात पोलीस ठाण्याविषयी जी धास्ती असते ती, या कशाचाच विचार निकालात नाही. कायदा सर्वांना समान असेल, पण ठाण्याचा उंबरठा सर्वांना सारखा नसतो. हे ज्याला दिसत नाही त्याला तिचं गप्प राहणं होकारासारखंच दिसणार. या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठानं करावा, अशी विनंती पत्रात होती.

हे पत्र मी वर्गात घ्यायचे तेव्हा आधी नुसता निकाल द्यायचे, पत्र देत नसे. निकाल वाचा आणि यात काय लिहिलं आहे ते सांगू नका, काय लिहिलेलं नाही ते सांगा, एवढंच काम. पहिल्या तासाला बहुतेक मुलं गप्प असत. छापलेल्या सर्वोच्च न्यायालयात काही राहून गेलं असेल, असा विचार करायची सवयच आपल्या शिक्षणात लावलेली नसते. मग हळूहळू एकेक बोलू लागे. एका वर्षी तालुक्याच्या गावाहून आलेली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ती ओरडली का नाही असं विचारलंय. पण ज्यांच्याकडं तक्रार करायची तेच समोर होते. ती ओरडून बोलावणार कुणाला?” पाठीमागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “दिवे कुणी बंद केले, हे कुणी का नाही विचारलं?” दोघांनीही तोवर ते पत्र पाहिलेलं नव्हतं. माझ्या मते मानवी हक्कांचा अभ्यास त्या क्षणी सुरू झाला. तीस कलमं पाठ करणं ही त्याची पूर्वतयारी.

पत्राचं पुढं काय झालं? सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणाऱ्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या मालिकेच्याच नियतकालिक विभागात ते १९७९ मध्ये छापलं गेलं. म्हणजे ज्या कपाटात निकाल, त्याच कपाटात त्यावरचा आक्षेपही जाऊन बसला. पण खरी हालचाल कपाटाबाहेर झाली. हस्तलिखित, टंकलिखित, चक्रमुद्रित प्रतींवरून लोकांनी लोकांना पत्र वाचून दाखवावं असा तो काळ. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ हा गट स्थापन झाला. पुढं त्याचंच नाव बदलून ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ झालं. ८ मार्च १९८० रोजी, महिला दिनी, मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा चालवा, ही त्यांची मागणी होती. ज्या विषयाचा उच्चारही घराघरांत दबल्या आवाजात व्हायचा, तो फलकावर लिहून बायका भर दुपारी चालत होत्या.

न्यायालयात मात्र या प्रयत्नांना यश आलं नाही. फेरविचाराची मागणी फेटाळली गेली. निकाल कायम राहिला.

पण सरकारला हलावं लागलं. विधी आयोगाकडं विषय गेला आणि एप्रिल १९८० मध्ये आयोगानं आपला ८४ वा अहवाल दिला. त्याच वर्षी विधेयक आलं, संयुक्त समितीकडं गेलं, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. २५ डिसेंबर १९८३ पासून ती लागू झाली. तिच्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, पोलीस, सरकारी नोकर, तुरुंगाचे किंवा रुग्णालयाचे कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातल्या स्त्रीवर केलेला अत्याचार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली गेली. दोन, अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं न्यायालयात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर संमती नव्हती असं न्यायालयानं गृहीत धरायचं. ते खोडून काढायचं काम आरोपीचं. पुरावा कायद्यातलं हे कलम ११४-अ. तीन, पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा ठरलं.

आता १९७२ ची ती रात्र या तीन तरतुदींसमोर ठेवून पाहा. आरोपी पोलीस, जागा ठाणं, आणि मुलगी सांगते आहे की माझी संमती नव्हती. १९८३ नंतरच्या कायद्यानं जखमा दाखव असं तिला विचारलंच नसतं.

सगळं मिळालं असं मात्र नाही. स्त्रीच्या आधीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवण्याची मुभा पुरावा कायद्यात तशीच राहिली. चंद्रपूरच्या न्यायाधीशांनी जो तर्क केला होता त्याला मदत करणारी ही तरतूद जायला २००२ साल संपावं लागलं. निव्वळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात लिहिलं गेलं ते २०१३ मध्ये. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर ही दुरुस्ती झाली. चार अध्यापकांनी १९७९ मध्ये जे लिहिलं ते दंड संहितेत उतरायला ३४ वर्षं लागली. लतिका सरकार त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी धगमवारही गेल्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण हे वाक्य नव्या संहितेतही आहे.

पत्रानं आणखी एक वाट मोकळी केली, तिचाही उल्लेख करायला हवा. १९८१ मध्ये आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातल्या भयानक अवस्थेविषयी वर्तमानपत्रात वृत्तमालिका आली. ती वाचून बक्षी आणि लतिका सरकार यांनी पुन्हा पत्र लिहिलं, पण या वेळी थेट सर्वोच्च न्यायालयाला. तिथल्या स्त्रियांच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा भंग होतो आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. आग्र्याच्या जिल्हा न्यायाधीशांना पाहणी करून अहवाल पाठवायला सांगितलं, आणि ती देखरेख काही वर्षं चालली. गंमत पाहा. दोन वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाच्या निकालावर पत्रातून कठोर टीका केली, त्याच न्यायालयानं त्याच अध्यापकांचं पत्र पुढं याचिका म्हणून स्वीकारलं. टीका करणाऱ्याला शत्रू न मानण्याचा हा मोठेपणा न्यायालयाच्या खात्यावर जमा करायला हवा. आपल्याकडं जनहित याचिका रुजली ती याच वर्षांत.

ही परंपरा फक्त कायद्याच्या मास्तरांची राहिली नाही. ज्या वैद्यकीय तपासणीच्या आधारे त्या मुलीला चारित्र्यहीन ठरवलं गेलं, ती तपासणीची अशास्त्रीय पद्धत डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांत त्यानंतरही अनेक वर्षं शिकवली जात होती. तिच्यावर बोट ठेवलं ते देसाईगंजपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यकाच्या अध्यापनातून आणि संशोधनातून. पीडितांच्या तपासण्या किती निष्काळजीपणे होतात याचा तिथं अभ्यास झाला, आणि त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत २०१३ मध्ये चुकीची ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी तर वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून ती त्यातून काढावी, असा आदेशच दिला. न्यायालयाला अभ्यासक्रमापर्यंत जावं लागलं, कारण चूक तिथं होती. वर्गात जे शिकवलं जातं तेच वीस वर्षांनी न्यायालयात साक्ष म्हणून उभं राहतं. ‘वर्गात बसून कुणाला काय मिळालं,’ या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे. आणि वर्गात बसून कुणाचं काय गेलं, याचंही.

आज मानवी हक्क हा विषय रीतसर अभ्यासक्रमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८५ मध्ये या विषयाच्या अध्यापनाचा आणि संशोधनाचा आराखडा केला. १९९३ मध्ये मानवी हक्क संरक्षण कायदा झाला आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. संशोधनाला उत्तेजन देणं आणि समाजात हक्कांची साक्षरता वाढवणं, ही कामं त्या कायद्यानंच आयोगाकडं सोपवली आहेत. पदव्या आहेत, पदविका आहेत, दर १० डिसेंबरला परिसंवाद होतात. या सगळ्याची गरज आहेच. पण ज्या वर्षी ते पत्र लिहिलं गेलं त्या वर्षी यातलं काहीही नव्हतं. एक विधी अहवाल होता आणि तो शेवटपर्यंत वाचणारी चार माणसं होती.

विद्यार्थ्यांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगत असे, कारण तिच्याशिवाय ही हकीकत अर्धवट राहते. १९८३ चा कायदा मागं जाऊन त्या दोन पोलिसांना लागू करता आला नाही. गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता त्याहून अधिक शिक्षा नंतरच्या कायद्यानं देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २० सांगतं. हाही मानवी हक्कच आहे आणि तो आरोपीचा आहे. मुलं अस्वस्थ होत. “मग तिला काय मिळालं?” असं विचारत. मी सांगत असे की न्यायालयात तिला काहीही मिळालं नाही. तिच्याविरुद्धचा निकाल आजही ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या त्या पानावर तसाच छापलेला आहे. जे मिळालं ते तिच्यानंतर ठाण्याची पायरी चढलेल्या बायकांना मिळालं, आणि तेही पुरतं मिळालेलं नाही. कलम कागदावर येणं आणि रात्री साडेदहा वाजता ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या मुलीच्या कामी येणं, यांत अंतर आहे. हक्क दोन्ही बाजूंना असतात आणि ते एकाच वेळी मनात धरावे लागतात, म्हणून तर हा विषय शिकावा लागतो. नुसतं चांगलं मन असून भागत नाही.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणी कायदा शिकत असेल तर त्याला किंवा तिला एकदा विचारा, की शेवटचा संपूर्ण निकाल कधी वाचलास? गाईडमधला सारांश नव्हे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि वाचून झाल्यावर, त्यात काय राहून गेलं असं तुला वाटलं?